फुटक्या ओठाचा शंख

प्रिय अक्कलदाढ,

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या बाईचं पत्र टपालाने आलेलं बघून तू आधी हसशील, आणि मग मास्तरणीला आता काय भूत लागलं म्हणून चष्मा शोधशील. शोध. सावकाश बसून वाच. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस. घरी येऊन सांगायचं म्हटलं तर तू माझा हात हातात घेणार, 'अगं वेडे' म्हणणार आणि मी विरघळणार. इतक्या वर्षांत तुझ्यासमोर माझा राग कधी टिकलाय का, सांग बरं? म्हणून या वेळी राग आधी कागदावर उतरवते आहे. आमचे हे पलीकडे कुणाचं तरी घड्याळ उघडून बसलेत आणि एवढं कोणाला लिहिते आहेस म्हणून सारखे विचारताहेत. मी म्हटलं, दातांच्या डॉक्टरला. तर म्हणाले, दात दुखतोय का? मी म्हटलं, हो, फार दुखतोय.

तुला सगळं माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार आहे. कारण तुझ्या आठवणीत आणि माझ्या आठवणीत आता बराच फरक पडलाय असं दिसतंय, आणि मी शेवटी भूगोलाची मास्तरीण आहे, नकाशा काढल्याशिवाय मला बोलता येत नाही. तर, मी तुझ्या खुर्चीत आडवी पडले होते, तोंडात कापूस, गाल सुजलेला, आणि तू माझी अक्कलदाढ चिमट्यात धरून खिडकीपाशी नेऊन कौतुकाने बघत होतीस. तुझ्या टेबलावर कापसाचे बोळे ठेवायला एक मोठा शिंपला होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं, आणि तू मला अर्धा तास त्या शिंपल्याची हकीकत सांगितलीस. मला एक शब्द बोलता येत नव्हता, म्हणूनच आपली मैत्री झाली असं आमचे हे अजून म्हणतात. तेव्हापासून तू माझी अक्कलदाढ. माझी अक्कल तू काढून घेतलीस असं मी चारचौघांत सांगायचे आणि तू खो खो हसायचीस. आता ते आठवलं की हसू येत नाही, बाई.

मग रोज सकाळी किनाऱ्यावर शंख वेचत फिरणं सुरू झालं. तुझ्या कोटाचे खिसे वाळूने फाटायचे आणि तुझी सून मला दोष द्यायची. तुझ्या घरात जागा उरली नाही, माझ्या घरात उरली नाही, तेव्हा तू नगरपालिकेत जाऊन त्या जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या तीन खोल्या मिळवल्यास. मी तर म्हटलं होतं, कोण देतंय आपल्याला! पण तू सरळ वरच्या साहेबाच्या दाढा तपासायला बसलीस आणि चावी घेऊनच उठलीस. काय दिवस होते ते! जाड भिंती, जमिनीत मधोमध पाणी वाहून जायची नाली, आणि उन्हाळ्यातसुद्धा आत शिरलं की अंगावर काटा. आपण दोघींनी गुडघ्यावर बसून ती फरशी घासली. एका जुन्या दाराला पाय लावून बैठकीचं टेबल केलं. आणि मग एकेक करून बाकीची मंडळी आली. गलबतावरून निवृत्त झालेला कप्तान, फुलवाली, वायरमन, सलूनवाला, आणि जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला तो आपला फूटपट्टी, ज्याला तू खजिनदार केलंस आणि मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. सगळे आपापली कामं सांभाळून येणारे, एक पैसा न घेणारे. असं आपल्या शंखांच्या संग्रहालयाचं सात जणांचं मंडळ. तू अध्यक्ष, आणि मी शंखांची देखभाल बघणारी.

आणि आपला नियम. तो तू केला होतास, मी नाही, हे लक्षात ठेव. समुद्राने स्वतः किनाऱ्यावर आणून टाकलेलं तेवढंच आपण ठेवायचं. आत जीव असलेला शंख उचलायचा नाही, विकत घ्यायचा नाही, तसला कोणी दिला तरी घ्यायचा नाही. चकचकीत शंख बघितला की तू नाक मुरडायचीस. म्हणायचीस, हा इतका चकाकतो म्हणजे याला कोणीतरी जिवंत पकडून उकळलाय. आपले शंख म्हणजे घासलेले, विटलेले, कुठे टोक उडालेलं, कुठे भोक पडलेलं. पण प्रत्येकाखाली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर तो कोणाला सापडला ते. सापडला: बेकरीवाल्याच्या धाकट्या मुलीला, बूट हरवला त्या दिवशी. सापडला: क्रेन चालवणाऱ्याला, जेवणाच्या सुट्टीत. सापडला: पोस्टमनच्या बायकोला, पाय धुताना. गावातली माणसं शंख बघायला येत नव्हती गं, आपली चिठ्ठी बघायला येत होती. पाहुण्यांना घेऊन यायची, बोटाने दाखवायची. तुला ते माझ्याइतकंच आवडायचं, निदान मी तसं समजत होते.

मत द्यायची पद्धतही तुझीच. हात वर करून मत दिलं की माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, म्हणून तू पडदा लावलास. पडद्याआड दोन ताटल्या, एका ताटलीत पांढरे शिंपले, दुसरीत छोटे तपकिरी शंख. हो म्हणायचं तर शिंपला, नाही म्हणायचं तर शंख, आणि मधल्या मातीच्या मडक्यात टाकायचं. कोणी काय टाकलं ते कोणाला कळणार नाही. आता, इतर कुठल्या मंडळात हे चाललं असतं. पण आपली सात माणसं! आपल्याला दोन शंख सारखे दिसतच नाहीत, ही आपली खोडच आहे. मडकं रिकामं केलं की मी प्रत्येक शंख ओळखते, तूही ओळखतेस. आणि सगळ्यांना ठाऊक होतं की तुला नाही म्हणायचं असलं की तू फुटक्या ओठाचाच शंख उचलतेस. कडेचा तुकडा उडालेला तो एकच होता त्या ताटलीत. फुटक्या दातावर हात जातोच माझा, असं तू म्हणायचीस. तो फुटका मडक्यातून निघाला की फुलवाली गालातल्या गालात हसायची, आणि तू छताकडे बघायचीस.

मग तो आला. आमच्या ह्यांनी त्याचं नाव चकचकीत साहेब ठेवलं ते उगाच नाही. माणसाचे बूट, गाडी, दात, सगळं चकचकीत, आणि त्याचे दात तूच केलेस हे मला नंतर कळलं. त्याचा तो सगळा शंखांचा संग्रह, काचेच्या कपाटांसकट, दिव्यांसकट, आपल्याला फुकट. अट एकच, समोरच्या दोन्ही खोल्यांत तोच मांडायचा. मी बघायला गेले होते तुझ्याबरोबर, आठवतंय? एकाही शंखावर ओरखडा नव्हता. येताना गाडीत मी बडबडत होते आणि तू खिडकीबाहेर बघत होतीस. सभेच्या आदल्या दिवशी मी तुझ्या दवाखान्यात आले, तू हातमोजे काढत होतीस. मी विचारलं, तू आहेस ना माझ्याबरोबर? तू म्हणालीस, हा काय प्रश्न झाला का, मी नाही तर कोण. हेच शब्द. वर माझ्या गालावर टिचकी मारलीस, आणि मी हलकी होऊन घरी गेले.

सभेत मी काय बोलले नि काय नाही, मलाच आठवत नाही. पोटतिडकीने बोलले एवढं खरं. कप्तानाने घसा खाकरला, वायरमन म्हणाला की दिवे मात्र झकास आहेत. मग एकेक जण पडद्याआड जाऊन आला. मडकं उपडं केलं तर पाच पांढरे शिंपले आणि दोन तपकिरी शंख. एक माझा. आणि दुसरा, फुटक्या ओठाचा. मी तुझ्याकडे बघितलं, तू छताकडे बघत होतीस. अगं, मी हरले होते, सगळं हातातून गेलं होतं, आणि तरी माझा ऊर भरून आला. एकटी नाही हरले, असं वाटलं. घरी जाताना मी तुझा दंड धरून चालत होते, चपला विकणाऱ्याच्या दुकानासमोर थांबून मी तुला चक्क मिठी मारली. म्हटलं, तू होतीस म्हणून, नाहीतर मी तिथेच कोसळले असते. आणि तू माझी पाठ थोपटलीस. म्हणालीस, तुला एकटी सोडीन का मी? माझे डोळे तुझ्या रुमालाने पुसलेस. तो रुमाल मी धुऊन, इस्त्री करून तुला परत दिला.

पुढचं तुला माहीत असेल, पण तू ते बघितलं नाहीस. मी बघितलं. आपले शंख भरायला तू लाकडी खोकी पाठवलीस. मी म्हटलं, लाकडात नको, पत्र्याच्या खणांत ठेवू. लाकूड आणि ओल एकत्र आली की शंखाला पांढरी भुकटी धरते आणि तो आतून खचत जातो, हे मला पहिल्यांदा तूच शिकवलंस ना? आंबटाने दात किडतो तसाच शंख किडतो, असं शाळेतल्या पोरांना समजावून सांगायचीस. तू म्हणालीस, अगं चारच दिवसांचा प्रश्न आहे, मागची खोली कोरडी करून घेते आणि खणही करून घेते. तुझ्या शब्दावर मी स्वतःच्या हातांनी ते कागदात गुंडाळले आणि खोक्यांत भरले. मागच्या यंत्रांच्या खोलीत खोकी एकावर एक चढली. चार दिवस गेले, सबंध पावसाळा गेला, हिवाळा आला. मी विचारलं की तू म्हणायचीस, होईल गं, सारखी काय टोचतेस. आणि मी गप्प बसायचे. कारण तू माझ्या बाजूने मत दिलेली एकटी होतीस ना! तुझ्यावर कशी आवाज चढवू? सगळ्यांसमोर तुझी बाजू मी घेतली. सलूनवाला एकदा म्हणाला की अध्यक्षबाईंचं काही खरं दिसत नाही, कुठेतरी पाणी मुरतंय. मी त्याला असा झाडला की त्याने महिनाभर आमच्या ह्यांचे केस तिरपे कापले.

तो म्हातारा पोस्टमन आठवतो का तुला? बायको गेल्यापासून दर आठवड्याला यायचा. टोपी हातात घेऊन तिच्या चिठ्ठीसमोर उभा राहायचा, काचेवर तोंडाची वाफ धरली तर बाहीने पुसायचा, आणि जायचा. समोरच्या खोल्या बदलल्यावर तो आला. नेहमीच्या जागी गेला. तिथे एक भलामोठा गुलाबी शंख दिव्याखाली झगमगत होता. तो बराच वेळ बघत राहिला, मग माझ्याकडे येऊन अगदी अदबीने म्हणाला, बाई, मी चुकीच्या खोलीत आलो का? मी त्याला काय सांगू? म्हटलं, सध्या आत ठेवलाय, खण तयार होताहेत. तो म्हणाला, बरं, बरं, काही घाई नाही. त्यानंतर तो आला की दारातूनच विचारायचा आणि मी दारातूनच नाही म्हणायचे. तुझा तो चकचकीत पाहुण्यांचा घोळका त्याच्या अंगावरून आत जायचा आणि तो भिंतीला चिकटून वाट करून द्यायचा. मी तुला हे सांगितलं होतं. तू म्हणालीस, बिचारा. आणि लगेच त्या दिवशी किती माणसं येऊन गेली ते मला सांगायला लागलीस.

शेवटी मीच खोकी उघडायची ठरवली. एकटीने उचलवेनात, आणि मदतीला आला कोण, तर फूटपट्टी! ज्याने मला आयुष्यभर शंखांखाली घालायच्या कापसासाठी रडवलं, चिठ्ठीचा कागद अर्धा करायला लावला, एक शाई संपल्याशिवाय दुसरी दिली नाही. तो घडीची पट्टी घेऊनच आला होता, खणांसाठी जागा मोजतो म्हणाला. पहिलं खोकं उघडलं आणि मला वाटलं कोणी आत पीठ सांडलंय. अगं, पीठ नव्हतं. बेकरीवाल्याच्या पोरीचा शंख उचलायला गेले तर कागदातच चुरा झाला. दुसरं खोकं, तिसरं, तेच. काही वाचलेत, खालच्या खोक्यांतले तर बहुतेक गेलेच. पोस्टमनच्या बायकोचा हाताला लागला तेव्हा त्याचं टोक माझ्या बोटांवर पिठासारखं उतरलं. मी तिथेच नालीच्या कडेला बसले आणि मोठ्याने रडले. फूटपट्टीला काय करावं ते कळेना. तो पट्टी उघडत होता, मिटत होता. मग माझी समजूत घालायची म्हणून म्हणाला, बाई, आपण दोघांनी त्या दिवशी नाही म्हटलं होतं, आपलं कोणी ऐकलं नाही, आपण काय करणार.

मी म्हटलं, आपण दोघांनी म्हणजे? तो म्हणाला, म्हणजे तुम्ही आणि मी. मी चिडले. म्हटलं, उगाच काहीतरी बोलू नका, दुसरा शंख फुटक्या ओठाचा होता, तो कोण टाकतं ते सगळ्यांना माहीत आहे. तर तो बिचारा ओशाळला. म्हणाला, तो मी टाकला होता बाई, चांगला शंख मडक्यात आपटून कशाला खराब करायचा, एक फुटका होता तो वापरला, मतालाच तर लागतो. म्हणजे बघ! इतक्या वर्षांत त्या माणसाचा चिक्कूपणा मला पहिल्यांदा पटला, आणि तो कधी, तर तेव्हा. दोनच तर शंख होते मडक्यात. एक माझा, एक त्याचा. मग तुझा कुठे होता, अक्कलदाढ? त्या पाच पांढऱ्या शिंपल्यांत. मला हिशेब करायलासुद्धा लागला नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि मग एकदम सगळं गार पडलं.

तू हो म्हणालीस, याचं मला तितकं वाईट वाटलं नाही, खरंच सांगते. मतं बदलतात. तुला कंटाळा आला असेल. बाहेरगावचे शहाणे लोक आले की आपल्या विटक्या शंखांसमोर तुला कसंनुसं व्हायचं, ते मी बघत होते. त्यांना तू घाईघाईने पुढच्या खोलीत न्यायचीस. तुला काहीतरी मोठं, उजळ, लोकांनी वा वा करावं असं हवं होतं, आणि त्यात पाप काय आहे? ते मला सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं. पण तू मला चपलांच्या दुकानासमोर मिठी मारू दिलीस! माझे आभार घेतलेस. तुला कळलं होतं की मी त्या फुटक्या शंखावरून फसले आहे, तुझ्या एका शब्दाने माझा गैरसमज मिटला असता, आणि तू माझी पाठ थोपटलीस. त्या थोपटण्यावर मी किती दिवस जगले, तुला कल्पना नाही. त्याच्यापायी खोक्यांबद्दल गप्प बसले. केसाने गळा कापलास माझा, आणि रुमालही दिलास पुसायला.

त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. मताबद्दल काही बोलले नाही, फक्त शंखांचं सांगितलं, माझा आवाज फुटत होता. मला वाटत होतं, आता तरी ही धावत येईल. तू म्हणालीस, अगं, किनाऱ्यावर पडलेलेच तर होते ते, जे गेले ते टाकून देऊ, मागची खोलीही मोकळी होईल. मी फोन ठेवला. आमचे हे विचारत होते काय झालं, मी म्हटलं लाइन तुटली. त्यानंतर मी दोनदा तुझ्या दवाखान्याच्या जिन्यापर्यंत आले. वर तुझं यंत्र घरघरत होतं, खाली एक बाई गाल धरून बसली होती, आणि मी पेशंट असल्यासारखी खालूनच परत फिरले. भांडायला आले होते, पण तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं. पोस्टमनला मी अजून काही सांगितलेलं नाही. तो परवा येऊन गेला. मी म्हटलं, खण अजून झाले नाहीत.

आणि मग परवाच्या रविवारी तू आलीस. हातात फुलं, डोक्याला नवा रंग, आल्या आल्या आमच्या ह्यांची थट्टा. मला तू इतकी ओळखीची वाटलीस की क्षणभर मी सगळं विसरले, कॉफी टाकायला उठले. मग तू विषय काढलास. तीन वर्षांनी अध्यक्ष बदलायचा हा आपला नियम मोडून तुला कायमचं अध्यक्षपद हवंय. चकचकीत साहेबाचीही तीच इच्छा आहे. आणि तू बोटांवर मोजून दाखवलंस. कप्तान आता मुलीकडे राहायला गेला. अध्यक्ष स्वतःच्या प्रकरणात मत देत नाही. उरलो आम्ही पाच. फुलवाली आणि वायरमन तुझ्या बाजूचे, फूटपट्टी आणि सलूनवाला तुझ्या विरोधात, त्यांनी तसं उघड सांगितलंय. राहिले मी. तू कप खाली ठेवलास, माझा हात हातात घेतलास आणि विचारलंस, तू आहेस ना माझ्याबरोबर? अगं, शब्दसुद्धा बदलले नाहीस! मी म्हटलं, कॉफी थंड होतेय. तू ते हो समजलीस, माझ्या गालावर टिचकी मारलीस आणि गेलीस. फुलं मी पाण्यात ठेवली. फुलांचा काय दोष.

म्हणून हे पत्र. शुक्रवारच्या सभेत मी तपकिरी शंख टाकणार आहे, अक्कलदाढ, तुझ्या विरोधात. तू राहिलीस तर खोकी तिथेच कुजतील, आणि तू गेलीस तर जे वाचलेत त्यांच्यासाठी फूटपट्टीकडून मी पत्र्याचे खण करून घेईन, हे एक कारण. रागाने देते आहेस का, असं विचारशील. तर हो, रागानेही. खोटं कशाला बोलू? माझ्या मनात काय काय आलं तेही सांगते. तुला हसून 'मी नाही तर कोण' म्हणायचं, पडद्याआड जायचं, शंख टाकायचा, छताकडे बघायचं, आणि घरी जाताना तुझा दंड धरून तुझे डोळे माझ्या रुमालाने पुसायचे. आरशासमोर उभी राहून म्हणूनसुद्धा बघितलं. जमत होतं गं मला, अगदी तुझ्यासारखं जमत होतं, आणि तेव्हाच मी कागद काढला. त्या वेळच्या सभेच्या आदल्या दिवशी दवाखान्यात तू हातमोजे काढताना म्हणाली असतीस, मास्तरणी, मी उद्या तुझ्या विरोधात आहे, तर मी तुझ्या खुर्च्या उलथ्या केल्या असत्या, आठ दिवस तुझं तोंड बघितलं नसतं, आणि नवव्या दिवशी तुझ्याच ओट्याशी बसून कॉफी प्यायले असते. तू मला ते भांडणसुद्धा दिलं नाहीस. मी तुला देते आहे. हे पत्र तुला बुधवारी मिळेल. गुरुवारी मी दिवसभर घरीच आहे.

खूप रागावलेली, पण दुसऱ्या कोणाची व्हायला न जमलेली,
तुझीच,
मास्तरीण